खाल्लं मीठ

ऑगस्टात शिंगू नदी उतरते.
आधी खडकांची डोकी, मग वाळूचे पट्टे,
आणि आम्ही पुन्हा चालायला शिकतो.
पाऊल उचलायचं नाही.
घासत न्यायचं, सपाता ओढल्यासारखं,
पुढे काठी टोचत.
पायाखालची वाळू सरकली तर बरंच,
पाकट होती, गेली.
भ्यावं ते न सरकणाऱ्या वाळूला.

देउझारिनामावशीने एकदाच पाऊल उचललं.
पलीकडच्या काठावर एक बाई अडली होती
आणि गावात सुईण एवढी एकच.
काटा टाचेच्या वर घुसला,
निघताना करवतीसारखे दात घेऊन निघाला.
पाय सोसेल तितक्या कढत पाण्यात,
घागरीमागून घागर, उजाडेपर्यंत.
माझी नऊ झाली, ती म्हणायची,
नऊ मिळून एवढं दुखलं नाही.
तिथलं कातडं अजून मेणासारखं चकाकतं.

पाकटीला हाड नाही.
स्वतःच्या कानाची पाळी दुमडून पाहा: ती सगळी तशी.
डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली,
जे खाते ते तिला दिसत नाही,
गोगलगाय असो की खेकडा,
कवचासकट भरडते.
वाळू अंगावर ओढून पडते, आणि डोळ्यांमागच्या
दोन भोकांनी श्वासाचं पाणी वरून घेते,
खालच्या फटींतून सोडते.
काळ्या पाठीवर पांढरे ठिपके.
दोघींचे सारखे नसतात.
अदेर्बाल ते चेहऱ्यांसारखे ओळखतो
आणि ठिपक्यांवरूनच भाव सांगतो
आल्तामिराच्या व्यापाऱ्याला,
काचेच्या टाक्यांसाठी, दूर कुठे कुठे.

एकदा बेलेंहून एक शिक्षिका आली, बाटल्या घेऊन.
म्हणाली, यांचे पूर्वज समुद्रातले.
कोट्यवधी वर्षांपूर्वी खारं पाणी आत घुसलं होतं,
मग जमीन वर आली, समुद्र मागे हटला,
या इथेच राहिल्या.
रक्तात मीठ साठवणंही हळूहळू विसरल्या.
आता खाऱ्या पाण्यात सोडल्या तर मरतील.

म्हणजे खाल्ल्या मिठाला जागल्या नाहीत,
मावशी म्हणाली.
शिक्षिका हसली. मावशी नाही.
तिचा बाप सिआराच्या मिठागरातून आला होता,
रबराचा चीक काढायला, दोन वर्षांच्या बोलीवर.
इथेच पुरलाय, आंब्याखाली.
मावशीने समुद्र पाहिलेला नाही.

यंदा अदेर्बालने रात्री बॅटरीच्या उजेडात
एक मोठी धरली, परातीएवढी.
होडीतच तिला कळा लागल्या.
भीतीने टाकतात त्या, दिवस भरलेले असोत नसोत.
तो धावत मावशीकडे आला,
पाकटीसाठी सुईण! लोक अजून हसतात.
ती आली. गुडघे होडीतल्या पाण्यात, कंदील माझ्या हातात.

पहिलं पिल्लू गुंडाळीसारखं बाहेर आलं
आणि उलगडलं,
तव्यावर पसरावा तसा कसाव्याचा बेजू.
ठिपके आईसारखे, पण आपलेच.
शेपटीचा काटा मऊ वेष्टनात,
आईला आतून ओरखडा नको म्हणून.
आत असताना दूधही मिळतं त्यांना, स्तनाशिवाय.
मावशीने ते तळहातावर धरलं.
काटा धरतात तिथे नाही, पोटाखाली.
चार झाली. पाचव्याचा बलक अजून सुकला नव्हता,
ते हललं नाही.

अदेर्बाल बोटांवर हिशेब करत होता.
त्यालाही तीन मुलं आहेत, मी दोष देत नाही.

सुईणीचं काय? मावशीने विचारलं.
माझ्या बायकोच्या वेळी कोंबडी दिली होती, तो म्हणाला.
कोंबडी नको.
तिने दोन पिल्लं कळशीत घेतली, आणि मेलेलं.
आई पिशवीत गेली, प्राणवायू भरलेल्या,
उरलेली दोन तिच्या शेजारी.

उथळ पाण्यात मावशीने कळशी कलती केली.
पिल्लांनी कडा फडफडवल्या, वाळू उडाली,
त्यांच्याच पाठीवर बसली,
मग नुसती वाळू.

परत फिरायचं तर पाय घासत यायला हवं होतं.
ती हललीच नाही.
मी काठावरून हाका मारल्या.
थांब, म्हणाली,
अजून कळत नाहीये, कुठे आहेत.